मालकांनी दिलेली पट्टी

सोमवार
आलो एकदाचा. कारखाना मालकांच्या घरामागेच. माझी खोली वर, खिडकी उत्तरेला, म्हणजे उजेड दिवसभर सारखा. सुतारकाम मला कुणी शिकवलेलं नाही. लाकूड नासवत नासवत शिकलो. पण माझा ड्रॉवर एका बोटानं मिटतो. मालकांनी सगळ्या कारागिरांसमोर पाठीवर हात ठेवला, म्हणाले, असा हात उभ्या जन्मात पाहिला नाही. स्वतःची पोलादी पट्टी मला दिली आणि माझी जुनी लाकडी पट्टी जपून ठेवतो म्हणून कपाटात नेली. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे वहिनी म्हणतात, चहा देताना माझ्या हातातली पोलादी पट्टी पाहून थबकल्या.

गुरुवार
बायकोला फोनवर सगळं सांगितलं. ती शिवणकाम करते; सुई जिभेवरही असते. म्हणाली, एवढी साखर पेरतोय तर मुंग्या कुठेत ते बघा. मी हे मालकांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, नवरा वर चढू लागला की बायका शिडी धरत नाहीत. पटलं.

मंगळवार
ड्रॉवर बसला नाही. गिऱ्हाइकाच्या घरची मापं मालक स्वतः आणतात, कापणी माझी. आखूड निघाला. माझ्या हातून! मालक ओरडले नाहीत. सगळ्यांना गोळा करून माझी कीव केली: वय झालं की डोळे दगा देतात. पॉलिशवाला सगळ्यांत मोठ्यानं हसला. तोही आधी सुतारच होता म्हणे. तेव्हा कौतुक त्याचं व्हायचं.

शनिवार
पुन्हा आखूड. मी म्हटलं, माप तुम्ही हेच दिलं होतं. ते म्हणाले, मी असं बोललोच नाही, हिला विचारा. वहिनी खाली बघत म्हणाल्या, हे म्हणतात तेच. मग मालक म्हणाले, दुसरीकडे तुम्हाला दारात उभं करणार नाहीत, मी म्हणून ठेवतोय. मी आभार मानले. मनापासून.

बुधवार
बायको आली. वाळलात म्हणाली, सदऱ्याचं नवं माप घेतलं. मालकांनी तिची फार ऊठबस केली. ते गेल्यावर ती म्हणाली, "त्याला माणूस नकोय, आरसा हवाय. आणि तुम्ही आरसा होऊन उभे राहिलाय."
मी म्हटलं, नवरा वर चढू लागला की बायका शिडी धरत नाहीत.
तोंड माझंच होतं.
ती गेली. मापाची टेप टेबलावर विसरली. की ठेवून —

शुक्रवार
टेप पट्टीला लावली. पट्टीची सुरुवातीची कड घासलेली. कानशीनं, सफाईनं. म्हणून प्रत्येक माप आखूड. लाकडाची फळीन् फळी तपासणारा मी — भेट तपासली नाही. स्तुती केली होती ना.
कपाट उघडलं. माझी पट्टी. पॉलिशवाल्याची. आणखी कितीतरी. तळाशी शिवणाची एक टेप, वहिनींचं नाव घातलेली —
मालक मागे उभे. पोलादी पट्टी आणि टेप शेजारी धरून त्यांनी शांतपणे विचारलं, कुठाय फरक? सगळे बघत होते.
नाही दिसत, म्हणालो.
आता खरंच दिसत नाही.

रविवार
उद्या नवा सुतार येतोय. मालकांनी कोरी पट्टी दिली, कानस दिली. पाठीवर हात ठेवला. इतकं बारीक काम दुसऱ्या कुणाला जमायचं नाही, म्हणाले.
किती दिवसांनी —
बायकोचा फोन वाजतोय. थांबेल. आधी कड. हात जराही थरथरत नाही, बघा, किती सरळ —