‘घोटाळे मंगल कार्यालय २’: रिजेक्ट

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०, कंपनीची बस
‘घोटाळे मंगल कार्यालय’चा दुसरा भाग चौदाला लागतोय. सतरा वर्षांनी! शिळ्या कढीला ऊत. ट्रेलर पाहिला, एकदाही हसलो नाही. आवाज बंद होता, पण चांगल्या विनोदाला आवाज लागत नाही.

पहिला भाग म्हणजे कळस. साखरपुड्यानंतर रूपालीला घेऊन पालघरला पाहिला होता. ती इतकी हसली की पुढच्या रांगेतल्या बाईने दोनदा वळून पाहिलं. तेव्हाच ठरवलं, या मुलीला जन्मभर असंच हसवायचं. म्हणून त्यातले डायलॉग रोज घरात म्हणतो. ताटावर बसताना तर हमखास: आधी जेवून घ्या, नवरदेव पळालाय! अलीकडे ती हसत नाही. टीव्हीवरच्या फालतू कार्यक्रमांनी तिची टेस्ट बिघडली.

संकल्प: दुसऱ्या भागाची लायकी शास्त्रशुद्ध पद्धतीने काढणे.

४ नोव्हेंबर
पद्धत ठरली. तारापूरला रंगाच्या कंपनीत एकोणीस वर्षं क्वालिटी कंट्रोल बघतोय. नवी बॅच आली की सॅम्पल स्टँडर्डशेजारी धरायचं. फिकं दिसलं की रिजेक्ट. सिनेमाला वेगळा न्याय कशाला? पहिला भाग स्टँडर्ड, दुसरा सॅम्पल. मोजायचं रूपालीचं हसणं. माझं जास्त भरवशाचं, पण लोक संशय घेतात.

माझ्याबरोबरचा केमिस्ट मिथुन, किनाऱ्यावरच्या दांडी गावचा, म्हणाला, झुंबरभाऊ, स्टँडर्डलापन एक्सपायरी हाय, ती तुमी तपासली का? म्हटलं, सिनेमा आहे, बोंबील नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. साप्ताहिक सुट्टी
दुपारी पडदे ओढून घरी स्टँडर्ड लावलं. रूपाली मेथी निवडत बसली. पहिली वीस मिनिटं: हशे शून्य. प्रत्येक विनोदाआधी तिला सावध केलं, आता बघ, आता बघ. उपयोग नाही. चाळिसाव्या मिनिटाला भिंतीला टेकून झोपली. माझेही डोळे मिटले होते, पण मी ऐकत होतो.

उठल्यावर विचारलं. म्हणाली, हे सगळं तुम्ही रोजच बोलता की. त्यात बघायचं काय?

निष्कर्ष: प्रयोगात दोष. मेथी. स्टँडर्डचा आकडा अंदाजे पन्नास धरावा.

१३ नोव्हेंबर
रिपोर्ट आजच लिहून ठेवला. चार पानं. शेवटी ‘रिजेक्ट’, दोनदा अधोरेखित. फक्त आकडा भरायचा बाकी. थिएटरात स्वतः हसायचं नाही असं ठरवलंय. अवघड जाणार नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
बोईसर, साडेबाराचा शो. कचरा. तोच मॅनेजर, आता म्हातारा, वधू-वरांची नावं विसरतो. यात हसण्यासारखं काय? माझे वडीलही विसरायचे, आम्ही कधी तिकीट लावलं नाही. पाठवणीच्या वेळी आचारी हुंदके देत म्हणतो, मी रडत नाहीये, कांदा सासरी निघालाय. याला काही अर्थ?

रूपालीचे हशे पस्तीसपर्यंत मोजले. कांद्यापाशी तिने माझा दंडच धरला, डोळे पुसायला रुमाल मागितला. ते हसणं किती वर्षांनी ऐकलं. बरं वाटलं. फार बरं वाटलं. पुढचं मोजायचं राहिलं.

मी हसलो नाही. शेजारच्याने तक्रार केली ती माझ्या खोकल्याची.

१५ नोव्हेंबर
रिपोर्ट कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. सॅम्पल पस्तीस, स्टँडर्ड पन्नास. खालच्या मजल्यावरून एक अंगठा आला, तो पाण्याच्या टँकरच्या मेसेजला होता.

मिथुन म्हणाला, अंदाजाचा आकडा सप्लायरनी दिला तर तुमी त्याला गेटाभायेर काढता. ह्यो कसा काय चालला? तुला कलेची समज नाय, हे त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं.

संध्याकाळी घरी आलो तर रूपाली फोनवर बहिणीला, जमुनाला, कांद्याचा विनोद सांगत होती. सांगता सांगता मध्येच तिला हसू फुटलं. मी दाराबाहेर चपला काढत पाच मिनिटं उभा. एका चपलेला एवढा वेळ लागत नाही.

विचार केला. विनोद फडतूस आहे, पण माझ्या आवाजात खुलेल.

१८ नोव्हेंबर
पहिल्या पाळीनंतर एकटाच रिटेस्टला. निव्वळ तांत्रिक कारण. आचाऱ्याचा हुंदका, मधलं थांबणं, मान कुठे हलते, सगळं टिपून घेतलं. खोकला पुन्हा आला.

२० नोव्हेंबर
बसमध्ये मिथुनवर ट्रायल. तो खिडकीबाहेर बघत हां म्हणाला. त्याने सिनेमा पाहिलेला नाही, त्यामुळे निकाल ग्राह्य नाही. मी आचाऱ्यापेक्षा सरस करतो. उद्या सुट्टी. उद्याच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी १.३०
रूपाली ओट्याशी कांदा चिरत होती. डोळ्यांत पाणी. याहून चांगला मुहूर्त कुठला! मागे जाऊन उभा राहिलो. हुंदका दिला. मान हलवली. मी रडत नाहीये, एवढंच म्हणालो.

तिने सुरी खाली ठेवली आणि हात जोडले. म्हणाली, अहो, एवढा एक तरी विनोद मला राहू द्या.

मग जेवायला बसलो. नवरदेवाचा डायलॉग म्हटला नाही. तिने एक पोळी जास्त वाढली.