टॅपेट कव्हरचे बोल्ट आणि आगीची गाडी

१२ नोव्हेंबर
यंदाही आगीची गाडी मीच चालवणार. ग्रँटने तसं म्हटलेलं नाही, पण नाही असंही म्हटलेलं नाही. मुलगा माझाच आहे, त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळतो. इथल्या या उन्हाळ्यात एक ठिणगीही पुरते, म्हणून गव्हात कापणीयंत्र फिरत असताना पाण्याची टाकी आणि पंप लादलेली पिकअप शेताच्या कडेला उभी हवीच, असा इथला नियम. म्हणजे मी नाही तर कापणी नाही. छातीत धडधडतंय. चहा कमी करणार.

१४ नोव्हेंबर
पिकअपच्या इंजिनाला जरासा घाम येतो. ग्रँट म्हणाला, "घाम नाही बाबा, तेल आहे ते. इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरमधून गळतंय आणि थेट तापलेल्या एक्झॉस्टवर पडतंय. खालचं रबरी गॅस्केट बदलून नीट बसवा, नाहीतर यंदा नेव्हिलकाकाला उभं करतो." नेव्हिल! कुंपणापलीकडचा शेजारी. माझ्याहून जेमतेम लहान, आणि शिंकला तरी त्याची पाठ धरते.
गॅस्केट उद्याच बदलणार.

१७ नोव्हेंबर
उद्याच बदलणार होतो, पण पोटात गॅस धरला. आज बदललं. ग्रँटने टॉर्क पाना आणून दिला. म्हणाला, "मधल्या बोल्टपासून सुरुवात करा, मग आळीपाळीने बाहेर. टक् वाजलं की हात काढा. खाली रबर आहे, ते नुसतं बसायला हवं, चिरडायचं नाही." मी मान डोलावली. मग एकदा लावून पाहिला. कसली टक्! एवढ्या जोरात लोणच्याच्या बरणीचं झाकण बसणार नाही. शाळा मी लवकर सोडली, पण हात शिकलेले आहेत. पाना डब्यात ठेवला. जवळच्या कडेपासून सुरू केलं आणि प्रत्येक बोल्टला वर अर्धा फेरा जास्त दिला. मजबूत काम.

२० नोव्हेंबर
कडेला पुन्हा ओलं. अगदी थोडं. बोल्ट सैल झाले असणार. आणखी अर्धा फेरा. सूनबाई चहा घेऊन आली. "बाबा, मानेच्या शिरा फुगल्यात तुमच्या. बोल्ट आवळताय की कुणाचा गळा?" ब्रॉनी मनाने चांगली आहे, इंजिनातलं कळत नाही. जाताना पान्याच्या बंद डब्याकडे बघत होती.

२४ नोव्हेंबर
गळती वाढली. आवळलं की वाढते, हे विचित्र आहे. कव्हर मध्ये दबलंय आणि कडेला उचललंय, उन्हाने असणार. एका बोल्टचं डोकं हातात आलं. हल्लीचा माल! बाकीचे बोल्ट त्याचा भार घेतील. फटी बुजवायला सगळीकडून लाल सीलंट फासलं. रात्री जेवताना ग्रँटने विचारलं, "बाबा, झालं का नीट? खरं सांगा. नेव्हिलकाकाला बोलवण्यात कमीपणा काही नाही." मी म्हटलं, कोरडं आहे. होतंच कोरडं. जेवायला येण्याआधी फडक्याने पुसलं होतं.

२८ नोव्हेंबर
कापणी सुरू. नेव्हिल रस्त्यावरून जाताना नेहमीसारखं स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करून गेला, मग गाडी मागे घेतली. "काय रे, बॉनेटखाली मटण भाजतोयस काय?" मी म्हटलं, सीलंट पक्कं होतंय. "लवकर पक्कं होऊ दे बाबा, पलीकडे माझाही गहू उभा आहे," म्हणाला. जळतो माझ्यावर.
ग्रँटने मला नांगरलेल्या उघड्या पट्टीवरच उभं राहायला सांगितलंय, तिथे पेटायला काही नाही म्हणून. तिथे सावलीचं नाव नाही. माझं डोकं दुखतं याचा विचार कोणी करायचा?

२ डिसेंबर, दुपार
सकाळी रेडिओवर वाऱ्यामुळे, आगीच्या भीतीने कापणीबंदी होती, वारा पडल्यावर उठवली. आज निलगिरीच्या झाडाखाली उभा आहे. इथे खाली धसकटं आहेत, पण सावली झकास. गाडी चालूच ठेवलीय. बंद केली की पुन्हा सुरू व्हायला कुरकुरते, आणि थंड हवाही लागते. टिली मागे टाकीशेजारी झोपलीय. कुत्रीला माझा भरवसा आहे. सगळं ठीक. रबर जळल्यासारखा वास येतोय, नेव्हिलच्या शेतातून असणार.

६ डिसेंबर
पिकअप जळाली. पाणी गाडीवर, होज गाडीवर, पंपही गाडीवर, आणि पेटली ती गाडीच. अशा वेळी माणूस काय करणार? दार अडकलं होतं, मी आत. ग्रँट कापणीयंत्र सोडून धावत आला आणि त्याने ते तापलेलं दार हातांनी ओढलं. टिली आधीच उडी मारून पळाली होती. आग नेव्हिलने आपल्या गाडीवरची टाकी आणून विझवली. तोवर आमच्या खालच्या शेतातला सगळा गहू गेला होता. ग्रँटला विमानाने पर्थच्या इस्पितळात नेलं. मला फक्त खोकला आहे.
चौकशीला माणूस आला होता. त्याला म्हटलं, ऊन फार होतं. गॅस्केटच्या दुकानदाराला चांगलं सुनावणार आहे.

१० डिसेंबर
सकाळी आजूबाजूचे सगळे आपापली यंत्रं घेऊन आले आणि ग्रँटचा उरलेला गहू कापायला लागले. बायकांनी सँडविच आणली. मी टोपी घालून, पाण्याचा कॅन घेऊन निघालो, काही मदत लागली तर असावी म्हणून. नेव्हिल हळूच म्हणाला, "तू बस रे. सावलीत बस." टोमणा नाही, काही नाही. त्याचं असं वागणं मला अजिबात आवडलं नाही. टिली त्याच्या पिकअपमध्ये बसली होती.

१७ डिसेंबर
ग्रँट घरी आला. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. ब्रॉनी चमच्याने भरवते. मी म्हटलं, नाताळ झाला की दुसरी एखादी जुनी पिकअप बघू, पुढच्या हंगामाआधी मी स्वतः तिचं टॅपेट कव्हर बसवतो, पान्याने, तू सांगितलंस तसं. तो गप्प बसला. ब्रॉनीने चमचा ताटलीत ठेवला आणि बाहेर गेली.
संध्याकाळी टॉर्क पाना घेऊन जळक्या पिकअपपाशी गेलो. लावायला बोल्ट उरलेला नाही. गुडघे दुखत होते तरी वाकून इंजिनाखाली हात फिरवला. सगळं कोरडं. आता थेंबभरही गळत नाही.