बाबांच्या कानाने पास

८ जानेवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी आनंदाची बातमी सांगतो, मग शिव्या खायला मी मोकळा. गेल्या रविवारी इथे जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचा मेळावा होता. आपला सायलेन्सर बसवलेली ती लाल, दोन सीटांची गाडी तिथे आली होती. मालकाने इंजिन सुरू केलं मात्र, कप हातात धरून गप्पा छाटणारी सगळी मंडळी गप्प झाली. चांगले वयस्कर लोक गाडीच्या मागे उकिडवे बसून पाइप बघायला लागले. पाइपावर बाबांचा ठसा. मी आपला शेजारी छाती काढून उभा, जणू मीच तो ठोकून काढलाय. आयत्या बिळावर नागोबा म्हणशील. म्हण, मला चालतं.

तिथेच एक गृहस्थ भेटले. डोक्यापासून पायापर्यंत श्रीमंत, पायात पांढरेशुभ्र बूट. त्यांच्याकडे अशा गाड्यांचा तबेलाच आहे, शिवाय सुट्या भागांचं मोठं दुकान. मूळ कंपन्यांनी हे भाग बनवणं कधीच सोडलं आणि बाजारात मिळतो तो माल बसतो खरा, पण वाजतो पत्र्याच्या डब्यासारखा, असं त्यांचं म्हणणं. आपला माल पसंत पडला तर प्रत्येक मॉडेलचे पाइप आणि सायलेन्सर ते कायमचे आपल्याकडून घेतील. ताई, म्हणजे आपल्या शेडचा कारखाना होईल गं!

मी त्यांना सांगितलं की आमचे बाबा प्रत्येक नग स्वतः ऐकतात, आवाज पटला तरच ठसा मारतात, नाहीतर सरळ भंगारात टाकतात. ते या गोष्टीवरच भाळले. स्वतः येऊन बाबांना ऐकताना बघायचं म्हणतायत. मी पाटीसुद्धा रंगवायला टाकली आहे, ‘बाबांच्या कानाने पास’. कशी वाटते?

तुझं मत लगेच कळव. कळावे. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
धाकटा


१५ जानेवारी

चि. धाकटे सरकार यांस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. छाती काढलीस ते बरं केलंस, घरात कुणीतरी काढायला हवीच. इथे आमच्या छातीत वेल्डिंगचा धूर बसलाय. पाटी रंगवायच्या आधी मला विचारलं असतंस तर रंग वाचला असता.

आता नीट बसून वाच. बाबांना ऐकू येत नाही. कमी येतं असं नव्हे, येतच नाही. गेल्या उन्हाळ्यात मागच्या बाजूने सिलिंडर पडला, मी दचकून किंचाळले, आणि ते शांतपणे पाइप घासत होते. तेव्हा माझी खात्री झाली. तू सणासुदीच्या पाहुण्यासारखा येतोस, दोन तास स्वतःच बोलतोस आणि जातोस, तुला कळणार कुठून?

मग नग पास कसे होतात विचारशील. बाबा गाडीच्या मागे उभे राहतात, डिकीवर तळवा टेकतात आणि डोळे बारीक करतात. इंजिन सुरू झालेलं त्यांना हाताला कळतं. आवाज कसा आहे ते त्यांना कळतं माझ्या तोंडावरून. मी समोर उभी असते. आवाज बरोबर असला की मी फडक्याला हात पुसते. आत जाळीची नळी चुकीची बसली असेल, कुठे फाटका आवाज येत असेल, तर कपाळाला आठी घालते. ते बघतात, मान डोलावतात किंवा खेकसतात, आणि ठसा उचलतात. मला यातलं काही माहीत नाही असं त्यांना वाटतं. मी तसंच वाटू देते. ज्या माणसाने जन्मभर कानावर भाकरी खाल्ली, त्याला मी कुठल्या तोंडाने सांगू?

तेव्हा तुझी पाटी खोटी आहे. पाइपात रेती ठासून तो भट्टीवर मी वाकवते, जोड मी मारते, आणि ऐकतेही मीच. तुझ्या त्या पांढऱ्या बुटांना कारखाना बघायचाच असेल तर खरं सांगून आण. बाबांनी उभं केलं आणि आता ताई करते, एवढंच सांग. यापलीकडे मला काही नको. पण एवढं मात्र हवंच आहे.

भावजयीला आशीर्वाद. कळावे, लोभाला गंज चढू देऊ नकोस.

तुझी,
ताई


२४ जानेवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पुन्हापुन्हा वाचलं. तू इतके दिवस एकटीने हे सांभाळलंस आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस याचा राग आला. मग माझाच राग आला. मग, खोटं कशाला बोलू, पाचावर धारण बसली. कारण गृहस्थांनी यायचं नक्की केलंय.

ताई, तू रागावशील, पण माझं जरा ऐक. बाजारात फिरतो मी. चांगला आवाज काय, आणखी चार जण काढतील. लोक भुलतात त्यामागच्या गोष्टीला, आणि आपली गोष्ट म्हणजे बाबा. काम एकदा हातात पडू दे. मग मी स्वतः त्यांना सांगेन की सगळं ताई करते, पाटी बदलेन, ठसाही तुझ्या हातात देऊ. आत्ताच सांगितलं तर ते म्हणतील की बाबा नाहीत तर मग तुमच्यात काय वेगळं? हातातोंडाशी आलेला घास आपणच का पाडायचा?

तू नेहमीसारखी बाबांच्या समोर उभी राहा, बस्स. एकच अडचण आहे. गृहस्थ त्यांचीच गाडी आणणार, तिला नुकताच नवा रंग दिलेला आहे आणि ते कुणाला बोट लावू देत नाहीत, मापं सोबत पाठवतोय, सायलेन्सर बसवेल तोही त्यांचाच ड्रायव्हर. त्यामुळे बाबांना जरा लांब खुर्चीत बसवू. फोटोही बरे येतील. बाबांना नवा शर्ट पाठवतोय. कळावे. नाही म्हणू नकोस, तुझ्या मायेवरच सगळी मदार आहे.

तुझा,
धाकटा


२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शर्ट पोचला. बाबांनी तो घालून आरशात इतका वेळ काढला की मला हसू आलं आणि नंतर वाईट वाटलं. कोणीतरी मोठं माणूस आपलं काम बघायला लांबून येतंय म्हणून खूश आहेत. रोज शेड झाडतात. मी झाडलेली पुन्हा झाडतात.

तुझं सगळं गोड बोलणं मी वाचलं. ‘एकदा काम हातात पडू दे’ हे तू लहानपणी पतंगाच्या वेळीही म्हणायचास, मांजा धरायला मी आणि उडवायला तू. तरी हो म्हणते, बाबांसाठी. पण कान उघडे ठेवून वाच. हात गाडीला लागणार नाही म्हणजे बाबांकडे उरलं फक्त माझं तोंड. मी तिथून क्षणभरही हलणार नाही. मला कशालाही, कुठेही पाठवायचं नाही. काही लागलं तर तू उठायचंस. हे कबूल असेल तरच त्यांना आण.

त्यांच्या गाडीचा सायलेन्सर तयार आहे. शेवटच्या वळणाला पाइप दुमडत होता, तो टाकून पुन्हा नवा वाकवला. मनगट भाजलंय, फार नाही. नग मात्र असा उतरलाय की मला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटली. दुसरं कोण देणार? कळावे, दिलेला शब्द पाळशील तर माया दुप्पट.

तुझी,
ताई


२० फेब्रुवारी

ताईस,
सा. न. वि. वि.

काल इथे पोचलो. तू त्या दिवशी माझ्याशी जे भांडलीस ते भांडलीस, आता मलाही चार शब्द लिहू दे.

काम गेलं. गृहस्थांच्या माणसाचा निरोप आला, सध्या विचार नाही म्हणून. सभ्य भाषेत लिहिलंय, पण त्या दिवशी शेडमध्ये ते ज्या प्रकारे हसले ते माझ्या कानातून जात नाही. तू आत होतीस, तुला बघावं लागलं नाही. मी सांगतो काय झालं ते. ड्रायव्हरने किल्ली फिरवली, गाडी जरा कण्हली आणि बंद पडली. दुसऱ्यांदा तेवढंही नाही. तो खाली वाकून काहीतरी वायर शोधायला लागला. बाबा खुर्चीत बसून सारखे इकडेतिकडे बघत होते, दाराकडे, पुन्हा गाडीकडे. मला वाटलं त्यांना पाणी हवंय. तेवढ्यात त्यांनी डोळे मिटले, मान डोलावली, मोठ्या आवाजात म्हणाले की झकास, अगदी असाच हवा. आणि उठून, गाडीखाली वाकून, त्यांनी ठसा ठोकला. बंद गाडीच्या सायलेन्सरवर!

पहिल्यांदा पांढरे बूट हसले. मग त्यांचे मित्र. बाबांना वाटलं आपलं कौतुक चाललंय, तेही हसले.

चहा आणायला सांगितला त्याचा एवढा राग? पाहुणे घरात आले तर घरच्या माणसाने चहा विचारायचा नाही? दोन मिनिटांचं काम होतं. मला शब्द आठवत होता, पण ते इतके रंगात आले होते, त्यांनी तुझ्याकडे बघून ही कोण विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. नाही म्हणायचंस तिथल्या तिथे. तू मुकाट्याने गेलीस, आणि दोन मिनिटांचा चहा तू अर्धा तास केलास. इतक्या वर्षांनी आपलं काहीतरी होत होतं, त्यावर तू पाणी ओतलंस. लोभाचं काय लिहू, सुचत नाही.

धाकटा


२८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र घरून फिरून इथे पोचलं. मी घर सोडलं. बसच्या वर्कशॉपमध्ये काम मिळालंय, फुटके सायलेन्सर जोडायचं. इथे आवाज कसा आहे ते कोणी विचारत नाही, गळतो की नाही एवढंच विचारतात. वर्कशॉपच्या दारातच एक खोली घेतली आहे, खिडकी पत्र्यावर उघडते.

चहाचा राग नाही रे बाबा. तू अर्धंच लिहिलंस, उरलेलं मी लिहिते. त्या माणसाने विचारलं ही कोण, आणि तू म्हणालास की ही आमची ताई, घरचं सगळं बघते, हिच्या हातचा चहा प्यायल्याशिवाय जाऊ नका. माझ्या मनगटाला पट्टी होती. त्यांच्याच पाइपाने भाजलं होतं. मी ती पदराखाली घेतली आणि आत गेले. नाही म्हणायला हवं होतं खरं, पण त्या क्षणी मला तुझ्याकडे बघवेना.

आणि मला बघावं लागलं नाही म्हणतोस? मी शेगडी बंद करून खिडकीशी उभी होते. किल्ली फिरलेली ऐकली. गाडी मेलेली ऐकली. बाबा आता मला शोधत असतील हे मला कळत होतं. दार तीन पावलांवर होतं. मनात आलं, होऊ दे. एकदा या पोपटाला आणि त्याच्या पाटीला कळू दे, मी नसले की काय उरतं ते. मग ठशावर हातोडा पडला. तो आवाज मी कुठेही ओळखेन. तुझी जिरवायला गेले आणि जिरली कोणाची, ते तू बघितलंसच.

मी जाताना बाबांनी वर बघितलं नाही. त्यांची औषधं फळीवर डावीकडे आहेत. तू जाऊन राहा त्यांच्यापाशी, पाट्या रंगवायला वेळ मिळतोच आहे. कळावे. लोभ माझ्याकडेही फारसा उरलेला नाही, आहे तो बाबांसाठी ठेवते.

ताई


१२ मार्च

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर लागत नसेल तर चष्मा बदल, माझा हात अजून बदललेला नाही. धाकटा इथे आहे. भाजी खारट करतो. औषधं सापडली.

तुम्ही दोघं त्या दिवशी अंगणात भांडलात. तुम्हाला वाटलं म्हातारा बहिरा आहे, भांडा खुशाल. पण मला तोंडं वाचता येतात, आता चांगलीच येतात. सगळं वाचलं. मला ऐकू येत नाही हे तुम्हाला माहीत होतं, हे मला माहीत नव्हतं. मी समजत होतो की मीच तुम्हाला फसवतोय. तुझ्या तोंडाकडे बघून रोज वाटायचं, पोरगी भाबडी आहे, हिच्या मनातलं सगळं तोंडावर उमटतं. आणि तू ते मला दिसावं म्हणून मुद्दाम उमटवत होतीस. तुम्ही माझा बाहुला केलात. धाकट्याने पाटीसाठी, तू दयेपोटी. दया जास्त लागली.

तुझे जोड माझ्यापेक्षा साफ आहेत. हे मला कधीपासून दिसत होतं. बोललो नाही, कारण बोललो असतो तर ठसा तुझ्या हातात द्यावा लागला असता, आणि मग मी शेडमध्ये कशासाठी बसायचं? आता तो प्रश्न मिटला. ठसा मी ग्राइंडरवर धरून सपाट केला. आवाज आला नाही, ठिणग्या मात्र भरपूर उडाल्या. धाकटा ओरडत धावत आला, त्याचं तोंड मी वाचलं नाही. त्याला तो हवा होता, तुलाही हवा होता. आता कोणालाच नाही.

धाकट्यावर माझा राग नाही. इंजिन आणि टेबलफॅन यांतला फरक त्याला लहानपणापासून कळला नाही, तो काय करणार? पण तू आत होतीस आणि खिडकी उघडी होती. चालू गाडी आणि बंद गाडी तुला झोपेतसुद्धा कळते. तो कान मी तयार केलाय, माझ्या शेजारी उभं करून, पहिल्यापासून. मी तिथे चार परक्या माणसांत हातोडा उचलून तुला शोधत होतो. मला दुसरं काही विचारायचं नाही. एवढंच लिही, बाहेर का आली नाहीस?

उत्तर कागदावरच पाठव. समोर येऊन सांगायला लागलीस, तर मी तुझ्या तोंडाकडे बघणार नाही.

कळावे.

बाबा