तपासायच्या आधी

२० मार्च २००३, घरी
शिमग्याला आलो. वापीच्या रंगाच्या कंपनीतून आठ दिवस रजा. पालखी आज आमच्या वाडीत. घरोघरी देवाला गाऱ्हाणं बाबाच घालतात, आमच्या घराचा मान. सखारामकाकांच्या अंगणात म्हणाले, "ह्यांचा विलास मुंबईत नोकरीला हाय, त्येला सांभाळ रे महाराजा." विलास जाऊन दोन वर्षं झाली. बाबांनीच खांदा दिला होता. एरवी सगळे मागून ओरडतात ते "व्हय महाराजा" कोण म्हणेना. ढोल पण थांबला. शेवटी सखारामकाकाच म्हणाले, "व्हय महाराजा." पालखी पुढे गेली.

२१ मार्च
आई म्हणते गणपतीपासून असंच. बागेतून येताना बाबा दोनदा वाट चुकले. "तुला कळवून काय, नोकरी सोडून आला असतास." बाबा ५१ वर्षांचे. आजोबा याच वयात असे झाले, लोक म्हणायचे बाहेरचं लागलं. आत्याचं पण तेच.

२६ मार्च
रजा वाढवली. रत्नागिरीत बाबांच्या डोक्याचा फोटो काढला. मेंदू आकसलाय, वयाच्या मानाने फार. आजोबांचं, आत्याचं सांगितलं तर डॉ.नी पेन खाली ठेवला. म्हणाले, हा विसरण्याचा आजार इतक्या लवकर येतो तेव्हा काही घरांत रक्तातून उतरतो. तसं असेल तर मुलांना अर्धी शक्यता. मुंबईत रक्त तपासायला देऊन कळेल, पण कळलं तरी औषध नाही.
एसटीत बाबा, "डॉक्टर काय म्हणला?" म्हटलं अशक्तपणा. संगमेश्वरपर्यंत चारदा विचारलं. चारदा अशक्तपणा.

२७ मार्च
वेळणेश्वरच्या सुनंदाशी माझं ठरलंय, मेमध्ये साखरपुडा. आई, "लगीन होऊंदे, मग सांग." मामा, "तुजं मोडंल ता मोडंल, तुज्या बहिणीला कोण करील?" ते पण खरंच. पण लपवून आणायची म्हणजे...

३० मार्च
वेळणेश्वर. देवळामागे भेटलो, तिचा भाऊ लांब उभा. सगळं सांगितलं. रडली नाही. "बाबांना आता कोण बघतं?" म्हटलं आई. "नि आई दमली की?" म्हणाली विचार करते, फोन करा.

८ एप्रिल, वापी
सेकंड शिफ्ट. आमच्या लाइनीतल्या एकोणीस जणांची नावं मनात म्हणून बघतो. आज एक येईना. जेवायच्या सुट्टीत आलं, शेळके. घामाने शर्ट ओला. लाइनीतला दिन्या म्हणतो, "लग्न ठरलं की भल्याभल्यांचं असंच होतं, भाऊ."

२५ एप्रिल
बूथवरून तिच्या शेजारी फोन लावला. म्हटलं सोमवारी मुंबईला रक्त तपासायला देतो, मग तू काय ते ठरव. ती, "आहे निघालं तर तुम्हीच नको म्हणाल. नाही निघालं तर मी हो म्हणण्यात काय अर्थ? विचारायचं तर तपासायच्या आधी विचारा, नंतर नको."
मागे रांग होती. एक जण काच ठोकत होता. म्हटलं रविवारी करतो फोन.
आज शुक्रवार.