म्हशीसाठी मागितलेला सदरा

काल्हेर,
ता. ९ सप्टेंबर १९७४

रा. रा. नामाशेठ व्याही यांस केसरीनाथाचा मनापासून रामराम. इकडे सर्व खुशाल. विहीणबाईंचा खोकला उतरला का, ते कळवावे. काल्हेरहून तुमचं वळ गाव पायी तासाभराची वाट, मग पत्र कशाला म्हणाल, तर गेल्या खेपेला मी तुमच्या ओटीवर पाय ठेवला आणि तुम्ही मागल्या दाराने शेतावर निघून गेलात. (हातात विळासुद्धा नव्हता.) पत्राला पाहून तरी कोणी पळत नाही.

तुमचा चिंधू ठाण्याच्या तुरुंगात बरा आहे. नारपोलीच्या कारखान्यात कामगारांनी मालकाला कोंडलं, तेव्हा कुलूप लावायला सगळे होते. पोलीस आले तेव्हा किल्ली मात्र एकट्या चिंधूच्या खिशात निघाली. (दुसऱ्या कोणी गटारात टाकली असती. हा पडला वस्तू जपणारा.) दर गुरुवारी मी भाकरी आणि सुकट घेऊन भेटीला जातो. त्याने घराण्याचं नाव घालवलं म्हणून तुम्ही अजून एकदाही गेला नाहीत, हा विषय मी काढत नाही. (काढलाच.)

आता म्हशीचं ऐका. गोदू माहेरी आली ती चिंधूची म्हैस घेऊनच, आणि ती म्हैस त्याच्याशिवाय कोणाला पान्हा सोडत नाही. गोदूकडे तिने नुसतं पाहिलं, मला मात्र बादलीसकट उडवलं. शेजारच्या ठकुबाईने सांगितलं, त्याच्या अंगातला कपडा घालून बसा. पण त्याचे घरातले सगळे कपडे माझ्या लेकीने रडत रडत धुऊन ठेवलेले, म्हशीला नुसता साबणाचा वास. म्हणून गुरुवारी मी नवा सदरा आत देऊन त्याच्या अंगावरचा मागितला. हवालदाराने त्या उतरवलेल्या सदऱ्याची कॉलर उसवून चिठ्ठी शोधली. मळका सदरा कोणाला हवाय, म्हणाला. मी म्हटलं, म्हशीला. थट्टा करतो म्हणून त्याने मला जेलरसाहेबांपुढे उभं केलं. साहेब साताऱ्याकडचे. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "किती वेताची?" तिसऱ्या म्हणताच सदरा हातात मिळाला.

घरी येऊन अंगात घातला तर पोटावर बसेना, दोन गुंड्या तुटल्या. पण म्हशीने हुंगलं, माझ्या खांद्याला नाक लावलं आणि दूध सोडलं. गोदू दारात उभी राहून रडली. खोटं कशाला सांगू, मीही रडलो. मला हा जावई फार आवडतो, नामाशेठ. लग्नात मानपानावरून मी तुमच्याशी भांडलो ते चुकलंच. (निम्मं तुमचंही.)

थोडा लोभ उरला असेल तर तो असू द्यावा.

तुमचा व्याही,
केसरीनाथ

ता. क. — येत्या गुरुवारी मी नाक्यावर दहाच्या एस.टी.साठी उभा आहे. सोबत या. चिंधू जाळीपाशी आला की आधी माझ्या मागे दाराकडे बघतो. मग विचारतो, "बाबा न्हाय आलं?" खटल्याचं नंतर विचारतो.

आणखी ता. क. — तुम्ही रागाने येत नाही, हे मी त्याला सांगितलेलं नाही. बांधावरून घसरून पाय मुरगळलाय, असं सांगितलंय. तेव्हा आत शिरताना जरा लंगडत या. पाय डावा.