मुळ्याच्या पिंपावरचे झाकण

मी यासुगोरो, छपाईच्या फळ्या कोरणारा, राहणार होंजो, एदो, वय एकसष्ट, दम लागतो पण डोके शाबूत, कोणाच्याही धाकाशिवाय (बायको ओकिवा विहिरीवर गेली आहे) लिहून ठेवतो की :

१. घर भाड्याचे. ते कोणाला द्यायचा प्रश्नच नाही.

२. हत्यारे शागीर्द इसेमात्सूला. चित्रातले केस कोरायची बारीक सुरी मात्र धार लावायला शिकल्यावरच.

३. माझा चष्मा छपाईवाल्या रोकुझोला. जन्मभर याने रंग रेषेबाहेर नेला आणि दोष माझ्या फळीला दिला.

४. आता मुख्य. चाळीस वर्षे मी गणिका कोरल्या, कोणी देवीच्या वेशात, कोणी ऋषीच्या वेशात. त्यातल्या कोसुमीवर माझा जीव होता, असे ओकिवा वीस वर्षे धरून बसली आहे. "जा ना तुमच्या त्या माशावालीकडे!" हे आख्ख्या आळीला पाठ आहे. हा डाग घेऊन मला मरायचे नाही.

खरे असे. कोसुमीला माशावर स्वार झालेला सिद्धपुरुष म्हणून कोरायचे होते. चित्रकाराच्या चित्रात चेहरा आणि कमरपट्टा पुसट होता. समोर ओकिवा मुळे चिरत होती. तिच्याकडे बघत हात चालत राहिला आणि पट्ट्याची गाठ पाठीवर आली! प्रकाशक ओरडला, "अरे गाढवा, गणिकेची गाठ पुढे असते! ही कोणाची बायको माशावर बसवलीस?"

माझीच. पण सांगायची लाज वाटली. दुसरी फळी कोरून दिली. जुनी रंधून पुन्हा वापरायची रीत. मला रंधा मारवेना. कोरलेल्या बाजूवर पत्रावळीसारखी पातळ फळी ठोकली आणि मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपाला झाकण केले.

ओकिवा, ते झाकण तुझे. एक प्रत छापून घे. फळीवर तुझा तीळ उजव्या गालावर दिसेल, लगेच भांडू नकोस. कागदावर तो डावीकडे येतो.

पुरवणी : हे साक्षीदारांना वाचून दाखवताना ओकिवा मागच्या दाराने आलेली कळली नाही. आतून खिळे उपटल्याचा आवाज आला. मग रडक्या आवाजात, "अहो, तीळ चुकीच्या गालावर आहे!"

सबब कलम ४ रद्द, झाकण तिने आजच ताब्यात घेतले. छपाई उद्या सकाळी, माझ्या डोळ्यांदेखत.

होंजो, एदो. बुन्का सहावे वर्ष, नववा महिना, बारावा दिवस.

यासुगोरो (शिक्का)

साक्षीदार :
तोकुबेई, शेजारी, टोफूवाला
रोकुझो, छपाईवाला. कलम ३ मला मान्य नाही. चष्मा मात्र उद्याच्या कामापुरता आजच नेत आहे.