ढब्बूचं नाक उघडं राहिलं

आदरणीय व्याहीबुवा आणि विहीणबाई,

दोघांनाही मनापासून नमस्कार. धाकट्या लेकीकडे सुखरूप पोहोचलात हे कळून बरं वाटलं. विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? जिने जपून चढावेत. (आमच्या मुलीबद्दल तक्रार असेल तर मला लिहावी, आमच्या सौ.ना नको, ही तुमचीच बाजू घेते.)

आमच्याकडे फरशी बदलायचं काम निघालं आहे. धूळ एवढी, की चहासुद्धा चावून प्यावा लागतो. आपण माणसं खोकून मोकळी होतो, पण ढब्बूनं काय करावं? ढब्बू म्हणजे हिचा नऊ वर्षांचा नारिंगी मासा. मुलगी तुमच्या घरी आली त्याच आठवड्यात हिनं तो आणला, तेव्हा तो नुसता मासा नव्हे हे मी जाणून आहे. काम सुरू होताना हिनं बजावलं, "मला सांभाळलंत तसं त्याला सांभाळू नका. नीट सांभाळा."

मी त्याच्या काचेच्या टाकीवर ओली चादर टाकली, वर प्लॅस्टिकचा कागद, कडेनं चिकटपट्टी. तरी दुसऱ्या दिवशी पाणी चुना कालवल्यासारखं, आणि ढब्बू वर येऊन आ वासतोय! हिनं जेवण सोडलं (बोलणं सोडलं नाही). मी आणखी एक चादर टाकली, तर पाणी आणखी पांढरं. शेवटी फरशीवाल्यानं मशीन बंद केलं, टाकीतून निघालेली नळी बोटानं चाचपत जमिनीपर्यंत आला आणि हसत सुटला. "काका, तोंड झाकलंत, नाक उघडंच ठेवलंत की!" टाकीत हवा सोडणारा पंप मी खाली ठेवला होता, नेमका त्याच्या फरशी कापायच्या मशीनशेजारी. खोलीभरची धूळ ओढून तो बिचारा इमानेइतबारे माशाला पाजत होता.

मग त्याच दुपारी ढब्बूला झाकणाच्या बादलीत बसवलं, आणि पुढे ही, मागे टाकी उचललेले मी आणि फरशीवाला, अशी वरात काढून त्याला स्वच्छ, हवेशीर जागी हलवलं. आता पोहतो, खातो, हिला पाहून शेपूट हलवतो. काळजी नसावी.

आपला नम्र,
तुमच्या सुनेचा बाप

ता. क. ती स्वच्छ, हवेशीर जागा म्हणजे तुमची बैठकीची खोली. तुम्ही मुलीच्या घरी ठेवलेली किल्ली तिच्याकडून घेतली. जावईबापूंच्या कानावर अजून घातलेलं नाही.

आणखी ता. क. ही ढब्बूला सोडून राहत नाही आणि मला एकट्याला घरात काही सापडत नाही, म्हणून आम्हीही इथेच आहोत. परतायची घाई करू नये.

अगदी शेवटचं. टाकी ठेवल्यावर फरशीवाल्यानं सवयीनं तुमची फरशी ठोकून पाहिली. म्हणाला, "पोकळ वाजतेय." मी म्हटलं, "बघ बरं." त्यानं बघितली. (फरशीवाले आणि दातांचे डॉक्टर एकाच शाळेत शिकले असावेत, एक काढून भागत नाही.) तर आता धूळ इथेही आहे. धाकटीच्या घरी ढब्बूपुरती एखादी बंद खोली निघेल का? आम्ही दोघं काय, कुठेही झोपू.